घोडी क्रमांक अकराची बारा ठिकाणे

‘घोडी क्रमांक अकरा ही स्वभावतः भित्री असून कोणतेही कारण नसताना बुजते, सबब ती स्वारीस कायमची अयोग्य ठरविण्यात येत आहे.’

अश्वारोहण शाळेच्या चौकशी समितीचा हा निष्कर्ष. एकोणीस शब्दांच्या वाक्यात तीन असत्ये बसवायला कसब लागते. ते कसब मान्य करूनच पुढे जातो.

पहिले असत्य ‘स्वभावतः’. घोडी शाळेत आली तेव्हा चार वर्षांची होती, आज नऊ वर्षांची आहे. शाळेच्याच दप्तराप्रमाणे पहिली जवळजवळ चार वर्षे तिच्याविरुद्ध अवाक्षर नाही. सगळ्या तक्रारी गेल्या चौदा महिन्यांतल्या आहेत. स्वभाव हा असा एखाद्या मंगळवारी दुपारी चार वाजता कामावर रुजू होत नसतो. दुसरे असत्य ‘कोणतेही कारण नसताना’. समितीला कारण सापडले नाही, एवढाच या शब्दांचा प्रामाणिक अर्थ. आणि समितीने ते नेमके कुठे शोधले याचा अहवालात उल्लेख नाही, कारण समिती खुर्च्यांवरून उठलीच नव्हती. तिसरे असत्य ‘कायमची’. भविष्य जाणण्याची विद्या समितीला कधी प्राप्त झाली, तेही नमूद करायचे राहून गेले आहे.

निष्कर्षाखाली शिफारस होती: घोडीला पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेस ‘मानवीय पद्धतीने निकाली काढावे’. जनावराला मारायच्या रीतीला माणसांनी आपलेच नाव द्यावे, यातला विनोद सही करताना कुणाच्याच लक्षात आला नसावा.

हा अहवाल माझ्या टेबलावर आणून टाकला तो ताईने. माझी ही थोरली बहीण गेली तीस वर्षे त्या शाळेत घोडेस्वारी शिकवते. दप्तरातली क्रमांक अकरा म्हणजे पागेतली तांबडी; तिला पहिले खोगीर ताईनेच चढवले होते.

“वाच,” ती म्हणाली.

“मला घोड्यांतलं काही कळत नाही.”

“म्हणूनच. ज्यांना कळतं त्यांनी हे लिहिलंय.” तिने खुर्चीवरची पुस्तके उचलून जमिनीवर ठेवली आणि बसली. “जन्मभर जुन्या बाडांमध्ये कुणी कुणाची चूक उतरवून काढली हेच हुडकत बसलास ना, पंडिता? मग हेही एक बाड समज.”

फेरविचाराचा अर्ज तिने दिलेला होता. नियम असा, की शाळेच्या पटावरील प्रशिक्षकाने समितीसमक्ष घोडीवर बसून बाहेरची फेरी पूर्ण करायची. घोडी एकदाही बुजली नाही तर शिफारस रद्द. बाहेरची फेरी म्हणजे फाटकापासून निघून गोदामाची भिंत, पुलाखालचा बोळ, कालव्याचा काठ, लाकडाची वखार, मोकळे मैदान असा साडेचार किलोमीटरचा रस्ता. तारीख ठरली होती. तेवीस दिवस हातात होते.

“मग अडचण कुठे आहे?” मी विचारले. “तुझ्याइतकं चांगलं बसणारं त्या शाळेत दुसरं आहे कोण?”

ताईने अहवाल उलटा करून ठेवला. 

“माझ्याखालीही बुजते रे ती.”

*

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. खोगीरखान्यात कातड्याचा आणि तेलाचा दाट वास होता. ओळीने लाकडी दांड्यांवर खोगिरे, खुंट्यांवर लगाम, आणि दाराच्या चौकटीला सुतळीने टांगलेली एक जाड वही. तिला सगळे ‘सावधवही’ म्हणत. घोडा फाटकाबाहेर न्यायचा तर आधी वही उघडायची, त्या घोड्याच्या नावाखाली तो कुठे कुठे बुजला आहे ते वाचायचे, वाचल्याची सही करायची आणि मगच रिकिबीत पाय घालायचा. परत आल्यावर काही घडले असेल तर भर घालायची. मुख्य प्रशिक्षकांनी सुरू केलेल्या या पद्धतीचे अहवालात तोंड भरून कौतुक होते. त्यांना सगळी शाळा मास्तर म्हणे. साठीचे, ताठ, कमी बोलणारे गृहस्थ. चौदा महिन्यांपूर्वी तांबडीवरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा वर जात नव्हता, आणि तेव्हापासून ते जमिनीवर उभे राहूनच शिकवत; वही मात्र रोज सकाळी वाचून तिच्यावर सही करत.

वहीची पहिली नोंद आणि तांबडीची पहिली नोंद एकच होती. मैदानाच्या टोकाची मोरी. स्वार, मास्तर स्वतः. ‘अचानक, विनाकारण, डावीकडे उसळली.’ त्यानंतर चौदा महिन्यांत नऊ स्वारांनी केलेल्या आणखी चाळीस नोंदी, बारा ठिकाणे.

त्या एक्केचाळीस नोंदी मी घरी उतरवून आणल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. हस्ताक्षरे दहा होती, शब्द एकच: अचानक, विनाकारण, डावीकडे उसळली. भिंतीपाशी डावीकडे, बोळात डावीकडे. कालव्याच्या काठावरच्या चार नोंदींतही डावीकडे. कालवा डावीकडेच आहे. घोडी खरोखर डावीकडे उसळली असती तर चारही स्वार पोहत परतले असते. म्हणजे लिहिणाऱ्याने घडले ते लिहिले नव्हते. वरच्या ओळीत होते ते लिहिले होते. असल्या नक्कलकारांशी माझी जुनी ओळख आहे. तीनशे वर्षांपूर्वीचे असले तर मी त्यांच्यावर रागावत नाही. हे मात्र जिवंत होते, शिकलेले होते, आणि त्यांच्या नकलेवर एका प्राण्याचे मरण ठरले होते.

ठिकाणांचाही मेळ बसेना. मोरीत पाणी वाहते, आवाज असतो, ठीक. वखारीत करवत चालते, तेही ठीक. पण पाचवे ठिकाण म्हणजे गोदामाच्या भिंतीचा एक साधा तुकडा. मी तिथे पाऊण तास उभा राहिलो. आधीच्या दहा हातांसारखीच भिंत, नंतरच्या दहा हातांसारखीच भिंत. ना भोक, ना पाइप, ना मांजर. बारा ठिकाणांमध्ये समान अशी एकच गोष्ट मला आढळली, आणि ती इतकी बावळट वाटली की दोन दिवस मी ती तोंडातून काढली नाही: ती सगळी ठिकाणे वहीत होती.

*

“तू बस,” मी ताईला सांगितले. “मी शेजारून चालतो.”

“तू चालणार? साडेचार किलोमीटर?” तिने माझ्या चपलांकडे पाहिले. “नको, मग एकाऐवजी दोघांना निकाली काढावं लागेल.”

चाललो. मी तांबडीच्या डाव्या खांद्याशी होतो. इतक्या जवळून, इतका वेळ मी घोडा पाहिला नव्हता. तिचे कान एका जागी राहतच नव्हते. एक पुढच्या रस्त्यावर, दुसरा माझ्या चपलांच्या फटफटीवर, मग अदलाबदल, मग दोन्ही एका सायकलच्या घंटीकडे. सारे जग त्या दोन टोकदार पानांत जमा होत होते आणि तपासून सोडून दिले जात होते. सायकल गेली, घोडी बुजली नाही. वरून प्लास्टिकची पिशवी उडत आली, बुजली नाही. मग भिंतीचा तो पाचव्या ठिकाणाचा तुकडा आला.

मी कानांकडे पाहत होतो. घोडी भिंतीला बुजत असती तर कान भिंतीकडे गेले असते. ते मागे वळले. दोन्ही, एकदम, स्वाराकडे. भिंत अजून तीन पावले दूर होती. मग मान वर, अंगाचा दगड, आणि टापांचा एकच कडाका. मी उडी मारून गटारात एक पाय घातला. ताई खोगिरावर जशीच्या तशी होती. पडणाऱ्यांतली ती नव्हेच.

“बघितलंस?” ती म्हणाली. “काय आहे तिथे? सांग, काय आहे?”

“ताई, तू श्वास का रोखलास?”

“मी?”

“भिंतीच्या तीन पावलं आधी. तू बोलत होतीस, बोलायची थांबलीस, आणि श्वास घ्यायचीही थांबलीस.”

“डोकं फिरलंय तुझं. तीस वर्षं बसतेय मी. मला बसायला शिकवतोस? गटारातला पाय काढ आधी.”

पुढे बोळ. मी आता घोडीकडे न पाहता ताईच्या सदऱ्याकडे पाहत होतो. बोळाच्या तीन पावले आधी सदऱ्याची घडी हलायची थांबली. आणि त्याच क्षणी, नंतर नव्हे, दोन्ही कान मागे.

घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, हे मी ऐकून होतो. पण हा प्रकार वेगळा होता. स्वाराच्या फासळ्या थांबतात. त्यांच्याखाली कंबर, मांड्या, त्यांच्याखाली जाड कातड्याचे खोगीर, त्याखाली लोकरी नमद्याची दुहेरी घडी, त्याखाली केस, कातडे. एवढ्या सगळ्या थरांतून, चालताना, टापांच्या आवाजात, तिला वर बसलेल्या माणसाचा एक न घेतलेला श्वास कळत होता. केलेली गोष्ट कळणे एक; न केलेली गोष्ट कळणे याला काय म्हणावे, ते मला अजून सुचलेले नाही. कळपाने राहणाऱ्या प्राण्याला शेजाऱ्याचा श्वास अडकला म्हणजे संकट आले, हे जन्मतः ठाऊक असते. मग संकट कुठे आहे ते पाहायला ती मान वर करी, आणि समोर जे असेल ते, भिंत तर भिंत, तिला पुरे होई. मोरीची नोंद वाचून धास्तावलेल्या स्वाराने वाटेत दुसरीकडे कुठे श्वास रोखला, की वहीत नवे ठिकाण जमा. वही तिने वाचली नव्हती. वही वाचून आलेली माणसे मात्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत होती.

मी रस्त्यात उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाचणारी माणसे पाहिली आहेत. असा वाचक पाहिला नव्हता.

*

हे सगळे माझे अनुमान. पुरावा दिला तो नालबंदाने.

शाळेच्या घोड्यांना नाल मारणारा हा गृहस्थ वखारीपलीकडे आपल्या भट्टीवर काम करतो. दर दीड महिन्याने तो पागेत येतो, ज्या घोड्याचे नाल झिजले असतील त्याच्या तोंडात साधा दोर अडकवतो, खोगिराशिवाय त्यावर बसतो आणि भट्टीकडे नेतो. त्याच रस्त्याने. वहीत सही करायची ती स्वारांनी. तो स्वारांत मोडत नव्हता, म्हणून वही त्याला कुणी दाखवली नव्हती, आणि चौकशीत त्याला काही विचारले नव्हते.

“बुजते?” तो म्हणाला. “कोण? ही?” त्याने तांबडीच्या मानेवर एक थाप मारली. “अहो प्रोफेसर, ही माझ्याखाली झोपा काढते. एकदा मीही काढली. भट्टीपाशी आल्यावर हिनं थांबून मला उठवलं.”

“चौदा महिन्यांत किती वेळा नेलंत?”

“नऊ. नाही, दहा. एकदा पुढचा डावा निसटला होता.”

“आणि एकदाही...?”

“एकदा बुजली की. बोळात माझा जावई समोरून आला तेव्हा.” तो मनापासून हसला. “त्यात तिची काय चूक?”

त्याला आम्ही बसवले. मी मागून चाललो, हातात बारा ठिकाणांचा कागद. तांबडीने मान लांब सोडली होती, खालचा ओठ लोंबत होता. पाचवे ठिकाण गेले. बोळ गेला. कालवा गेला. बाराव्या ठिकाणी, मोरीवर, ती थांबली आणि वाकून पाणी प्यायली.

ताईने ते सगळे पाहिले. मला वाटले होते ती आनंदेल. ती कुंपणाच्या दगडावर बसली.

“म्हणजे मी,” ती म्हणाली. “इतके दिवस वाटत होतं, मी तिला धीर देतेय.”

 समजुतीचे शब्द मला येत नाहीत, आणि खोटे बोलावेसे वाटले नाही.

“हा का नाही बसू शकत परीक्षेला?” तिने नालबंदाकडे हात केला.

“पटावर नाही. प्रशिक्षकच हवा,” मी नियम आठवून म्हणालो.

“आणि मला ती बारा ठिकाणं विसरता येणार नाहीत.” तिने डोके हलवले. “झोपेत विचारलंस तरी सांगेन.”

*

सतरा दिवस उरले होते. वाचलेले न-वाचलेले करण्याची विद्या कुणाकडेच नाही. आम्ही तरी प्रयत्न केले. ताईने श्वास मोजून पाहिले. चार घ्यायचा, चार सोडायचा. पण मोजताना ती ठिकाणापर्यंतची पावलेही मोजू लागली आणि घोडी पूर्वीपेक्षा पाच पावले आधीच उसळू लागली. डोळे मिटून पाहिले. तिच्या मांड्यांना डोळे नसतानाही रस्ता पाठ होता. अखेर तिने नालबंदालाच विचारले, तू वर बसून करतोस तरी काय?

“मी काय करणार, बाई? बायकोशी सकाळी जे भांडण झालं असतं ते पुन्हा भांडतो. मोठ्यानं. या खेपेला जिंकतो.”

ताई माझ्याकडे पाहू लागली, मी तिच्याकडे. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. एवढी साधी गोष्ट.

तेव्हापासून ती बोलत सुटली. फाटक ओलांडले की सुरू. आमच्या लहानपणी मी शाईची दौत तिच्या दप्तरात ओतली होती ते प्रकरण तिने भिंतीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत नव्याने चालवले आणि मला दोषी ठरवले. बोळात मावशीचा समाचार. कालव्यावर तिच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या मेव्हण्यांची, पाळी. ते नळ कधीच घट्ट बंद करत नाहीत. माझ्यासारखा साक्षीदार शेजारून चालत होता, आणि घरातले कित्येक निकाल मला तिथेच प्रथम कळले.

पण नुसत्या बोलण्याने भागले नाही. चौदा महिने माणसांनी शिकवल्यावर घोडीही काही शिकली होतीच; ठिकाणे आता तिचीही झाली होती. म्हणून प्रत्येक ठिकाणापासून वीस पावलांवर ताई थांबे, लगाम सैल सोडी, आणि तांबडीला हवे तितके पाहू देई. ढकलणे नाही, टाच नाही, चाबूक तर नाहीच. घोडी पाही. कान ताठ, नाकपुड्या रुंद. आम्ही वाट पाहत असू, कधी अर्धा मिनिट, एकदा अकरा मिनिटे. मग तिची मान एक बोट खाली येई. मग नाकातून एक लांब, ओला, फडफडता श्वास. तो सुटला की ताई तिला पुढे न नेता मागे फिरवी, दहा पावले दूर, आणि पुन्हा आणी. “भ्यायच्या आधी परत फिरायचं,” ती म्हणाली. “म्हणजे तिला कळतं, जाता येतं. जाता येतं हे कळलं की राहता येतं.”

हे ती घोडीबद्दल बोलत होती. मी त्या दिवशी घरी येऊन ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवले.

नवव्या दिवशी पाचव्या ठिकाणी ताई नळाच्या खटल्यात इतकी रंगली, की ठिकाण मागे पडल्याचे मीच तिला सांगितले. तिने वळून भिंतीकडे पाहिले. मग खाली वाकून तिने आपले तोंड तांबडीच्या आयाळीत घातले. घोडी चालत राहिली. तिचा एक कान पुढे होता आणि एक मागे. आणि मागचा कान, अर्धी ऐकलेली गोष्ट पुढे सांगायची राहिली असावी तसा, वाट पाहत होता.

*

परीक्षेच्या दिवशी समिती एका उघड्या गाडीतून मागे आली: अध्यक्ष, ज्यांनी वीस वर्षांत रिकिबीला पाय लावलेला नव्हता, सचिव, ज्यांच्या मांडीवर सावधवही होती, आणि शाळेच्या पशुवैद्य डॉक्टरीणबाई. मास्तर समितीचे चौथे सदस्य. ते गाडीत बसले नाहीत.

“मी चालेन,” ते म्हणाले, आणि माझ्याबरोबर चालू लागले.

ताईने फाटकातूनच सुरुवात केली. आदल्या दिवशी तिची जाऊ येऊन गेली होती, विषयांना तोटा नव्हता. सचिवांनी प्रत्येक ठिकाणापाशी वहीतून आकडा पुकारला. एक. दोन. त्यांचा आवाज ऐकून माझाच श्वास अडकत होता. घोडीला त्याचे काही नव्हते, माझे वजन तिच्या पाठीवर नव्हते. पाच. सहा.  मास्तर ताईकडे पाहत नव्हते, घोडीच्या मागे वळलेल्या कानाकडे पाहत होते. त्यांच्या ते आधीच लक्षात आले होते, इतके मला कळले.

वखारीपाशी, दहाव्या ठिकाणी, रचलेल्या फळ्यांची अख्खी थप्पी घसरली.

तो आवाज मी वर्णन करीत नाही. गाडीचालकाने करकचून ब्रेक दाबला. तांबडी चारही पायांवर एकदम पसरली, पोट जमिनीकडे गेले, आणि खोगिराच्या तंगाच्या पट्ट्यामागे तिचे हृदय कातड्यातून उसळताना मला दिसले. ताई वाक्याच्या मध्यावर होती.

“...तर मी तिला तोंडावर सांगितलं,” त्याच आवाजात, त्याच चढउतारात ती पुढे म्हणाली, “की बाई गं, तुझं ते लोणी तू तुझ्या घरी लाव. आमच्याकडे भाकरी कोरडीच बरी.”

एक कान मागे आला. फळ्यांची धूळ अजून उडत होती. मग दुसरा कान. मग, मागे वळून पळायला सगळी वाट मोकळी असताना, पाचशे किलोंचा तो प्राणी एका बाईच्या जावेबद्दलच्या गाऱ्हाण्यावर विसंबून उभा राहिला. मान एक बोट खाली. लांब श्वास. आणि पडलेल्या फळ्यांकडे एकदा नीट पाहून ती चालू लागली.

 शेजारी मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली होती, आणि ती काढल्याचे त्यांना ठाऊक नसावे.

“बुजली,” सचिव म्हणाले. “दहाव्या ठिकाणी. नोंद करतो.”

“मीही बुजले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पेन गेलं माझं रस्त्यात. अध्यक्षांनी तर माझा हात धरला. आमच्या दोघांचंही काही करायचंय का पहिल्या तारखेला?”

अध्यक्षांनी हात सोडला आणि नोंद नको, अशी सचिवांना खूण केली.

अकरावे ठिकाण. मग मैदान. मोरीवर तांबडी थबकलीदेखील नाही. ताई तिच्यावरून बोलत बोलत पार झाली. मास्तर मात्र मोरीपाशी थांबले. मी पुढे गेलो.

*

बैठक खोगीरखान्याशेजारच्या खोलीत भरली. अर्जदाराचा भाऊ म्हणून मला भिंतीशी स्टूल मिळाले. ताई माझ्या शेजारी उभी होती. तिचे हात अजून घोडीच्या घामाने ओले होते.

मी माझा कागद वाचून दाखवला. डावीकडच्या कालव्यापाशी डॉक्टरीणबाई हसल्या. सचिव हसले नाहीत, आणि मला मान्य करायला हवे, की त्यांनी काढलेला मुद्दा पक्का होता.

“प्रोफेसरांचं म्हणणं असं, की वही वाचून स्वार ताठरतो, म्हणून घोडी बुजते. मान्य करू. मग पहिली नोंद? तेव्हा वही नव्हती. मास्तरांनी काय वाचलं होतं? या शाळेतला सगळ्यांत चांगला स्वार, आणि तिनं त्याला विनाकारण फेकलं. एक चांगला दिवस आज दिसला म्हणून ते पुसलं जात नाही. उद्या एखाद्या शिकाऊ मुलीला फेकलं तर? पहिली नोंद उभी आहे तोवर शिफारस उभी आहे.”

 एक्केचाळिसांपैकी चाळीस नोंदी मी मोडल्या होत्या. उरलेल्या एकीच्या वर काहीच नव्हते, ज्यावरून ती उतरवलेली असेल. अध्यक्षांनी ताईकडे पाहिले, मग लेखणी उचलली. ताईने माझा दंड घट्ट धरला. तिचा श्वास थांबला होता.

तेव्हा दाराशी उभे असलेले मास्तर आत आले. त्यांनी बसायला नकार दिला, आणि आपण बोलू ते शब्द न बदलता इतिवृत्तात घ्यावेत अशी विनंती केली. सचिवांनी ते घेतले. इतिवृत्ताची प्रत माझ्यासमोर आहे. त्यातून उतरवताना मी एक अक्षरही इकडचे तिकडे केलेले नाही:

“त्या दिवशी घोडी बुजली नाही. मी मोरीवर मागं वळून शिकाऊ पोरांना बैठक कशी ठेवायची ते दाखवत होतो, माझी रिकीब सुटली आणि मी पडलो. पोरं लांब होती, त्यांना फक्त मी खाली पडलेला दिसलो. घोडी तिथल्या तिथं थांबली होती. लगाम जमिनीवर लोळत होता, तिला कुठंही जाता आलं असतं. मला उठता येत नव्हतं तर तिनं मान खाली केली, मी डाव्या हातानं तिची आयाळ धरली आणि तिनं मला उभं केलं. परत येईपर्यंत ती माझ्या चालीनं चालली. पागेत सगळ्यांनी विचारलं, काय झालं, आणि माझ्या तोंडून निघालं, बुजली. मग ते खरं ठरवायला वही काढली. पुढं एकेक पोरगं येऊन सांगायला लागलं, मास्तर, माझ्याखालीही बुजली, तेव्हा मला बरं वाटायचं. हे मी चौदा महिने रोज सकाळी वाचून सही केलेलं आहे.”